रुग्णालयातून घराकडे : दीर्घव्याधिग्रस्त बालके, त्यांचे पालक आणि राज्यसंस्था

प्रास्ताविक

वैद्यकशास्त्राचा इतिहास बहुधा शोधांचा, शोधकांचा आणि संस्थांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. लस कोणी शोधली, यंत्र कोणी घडविले, रुग्णालय कोणी उभारले, या प्रश्नांची उत्तरे त्यात मिळतात. रोग बरा झाला नाही आणि रोगीही दगावला नाही, तर पुढे काय झाले, हा प्रश्न मात्र या इतिहासात क्वचितच विचारला जातो. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अशा मुलांची संख्या वाढत गेली. पूर्वीच्या काळी काही दिवसांत मृत्यू पावली असती अशी ही मुले नव्या यंत्रांमुळे व औषधांमुळे जगली. परंतु श्वास घेण्यासाठी, अन्न गिळण्यासाठी वा रक्त मिळविण्यासाठी ती आयुष्यभर कोणावर तरी अवलंबून राहिली. त्यांना रुग्णालयाने वाचविले, पण त्यांना वाढवायचे कोणी व कोठे, याचा निर्णय वैद्यकशास्त्राच्या हाती नव्हता. तो कायद्याच्या, विम्याच्या आणि सरकारी नियमांच्या हाती होता.

प्रस्तुत लेखात या निर्णयाचा इतिहास प्रामुख्याने अमेरिकेतील एका प्रकरणाच्या आधारे तपासला आहे. आयोवा राज्यातील केटी बेकेट या मुलीचे हे प्रकरण १९८१ साली गाजले व त्यातून तेथील सार्वजनिक आरोग्यसाहाय्याच्या धोरणात महत्त्वाचा बदल झाला. अनुषंगाने इंग्लंडमधील आणि मुंबईतील काही प्रयत्नांचाही विचार केला आहे. सरकारने काय दिले, याइतकेच पालकांनी काय मागितले, कोणत्या शब्दांत मागितले आणि कोणत्या अटीवर ते मिळाले, याकडे लक्ष वेधणे हा लेखाचा हेतू आहे.

पूर्वपीठिका : यंत्र आणि खाट

१९२८ च्या ऑक्टोबरमध्ये बोस्टन येथील बालरुग्णालयात पोलिओने श्वसनाचे स्नायू लुळे पडलेल्या एका आठ वर्षांच्या मुलीला फिलिप ड्रिंकर व लुई अगासी शॉ यांनी तयार केलेल्या पेटीवजा यंत्रात ठेवण्यात आले. पुढे ‘लोखंडी फुफ्फुस’ या नावाने ओळखले गेलेले यंत्र ते हेच. काही मिनिटांतच ती शुद्धीवर आली. काही दिवसांनी ती दगावली. तथापि यंत्राच्या बळावर श्वास चालू ठेवता येतो, हे सिद्ध झाले. १९५२ साली कोपनहेगनमध्ये पोलिओची भीषण साथ आली, तेव्हा ब्लेगदाम रुग्णालयात यंत्रे अपुरी पडली. भूलतज्ज्ञ ब्योर्न इब्सेन यांच्या सूचनेवरून रुग्णांच्या श्वासनलिकेला छिद्र पाडून त्यात नळी बसविण्यात आली आणि सुमारे १५०० वैद्यकीय विद्यार्थ्यांनी पाळीपाळीने, रात्रंदिवस, हाताने रबरी पिशवी दाबून त्यांच्या फुफ्फुसांत हवा भरली. आधुनिक अतिदक्षता विभागाचा उगम याच घटनेत मानला जातो. यंत्राची जागा माणसांच्या हातांनी घेतली होती, ही गोष्ट या उगमाच्या वर्णनात अनेकदा केवळ रंजक तपशील म्हणून येते. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने तीच महत्त्वाची आहे. पुढील काळात यंत्र लहान झाले, घरी नेण्याजोगे झाले; हात मात्र लागतच राहिले.

अमेरिकेत पोलिओग्रस्तांच्या कुटुंबांना १९३८ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय प्रतिष्ठानाचा मोठा आधार होता. लोकवर्गणीतून चाललेल्या या संस्थेने रुग्णालयाची देयके भागविली, लोखंडी फुफ्फुसे पुरविली आणि पुढे श्वसनकेंद्रेही चालविली. १९५५ साली साल्क लस आली व १९५८ मध्ये या प्रतिष्ठानाने आपले कार्यक्षेत्र जन्मजात व्यंगांकडे वळविले. १९३५ च्या सामाजिक सुरक्षा कायद्यात अपंग बालकांसाठी स्वतंत्र तरतूद होती खरी. परंतु तिचा रोख आरंभी मुख्यतः अस्थिव्यंगांवर, म्हणजे शस्त्रक्रियेने व पट्ट्यांनी सुधारता येण्याजोग्या व्यंगांवर होता. ज्याचे व्यंग सुधारणार नाही, पण जीव वाचणार आहे, असे मूल या चौकटीत बसत नव्हते.

१९६० नंतर अशी मुले वाढली. फिलाडेल्फियाच्या बालरुग्णालयात १९६७ साली मुलांसाठी अतिदक्षता विभाग सुरू झाला. १९६३ च्या ऑगस्टमध्ये राष्ट्राध्यक्ष केनेडी यांचा मुदतपूर्व जन्मलेला मुलगा पॅट्रिक अवघ्या दोन दिवसांत श्वसनाच्या विकाराने मरण पावला होता. त्यानंतरच्या दशकभरात नवजात अर्भकांच्या श्वसनोपचारात झपाट्याने प्रगती झाली. एक पिढी आधी राष्ट्राध्यक्षांच्या मुलालाही जे मिळू शकले नाही, ते आता सामान्य कामगाराच्या मुलाला मिळू लागले. पण ही मुले विभागातून बाहेर कशी पडणार, याचा विचार विभाग उभारताना कोणी केलेला दिसत नाही.

येथे एक विषयांतर आवश्यक आहे. पाश्चात्त्य रुग्णालयांत मूल दाखल झाले की पालकांना बाहेर ठेवण्याची रीत होती. भेटीची वेळ आठवड्यातून काही तास असे. जेम्स रॉबर्टसन यांनी १९५२ साली रुग्णालयातील एका दोन वर्षांच्या मुलीच्या आठ दिवसांचे चित्रण करून या रीतीचे दुष्परिणाम डॉक्टरांपुढे मांडले. १९५९ च्या प्लॅट समितीच्या अहवालाने भेटींवरील निर्बंध उठवावेत व लहान मुलांसोबत आईला राहू द्यावे, अशी शिफारस केली. ती अमलात यावी म्हणून १९६१ मध्ये इंग्लंडमधील मातांनी संघटना स्थापन केली. आपल्याकडील सरकारी रुग्णालयांत आईला खाटेशेजारी बसू द्यावे की नाही, हा वाद फारसा उद्भवलाच नाही. याचे कारण आपला वात्सल्यभाव हे नसून परिचारिकांची टंचाई हे आहे. आईवाचून त्या खाटेवरची शुश्रूषा चालणेच कठीण होते. पाश्चात्त्य माता ज्या हक्कासाठी झगडल्या, तो आपल्याकडील मातांवर कर्तव्य म्हणून पडलेला होता.

बेकेट प्रकरण

केटी बेकेटचा जन्म मार्च १९७८ मध्ये आयोवा राज्यातील सीडर रॅपिड्स या शहरी झाला. पाच महिन्यांची होण्याच्या सुमारास तिला विषाणुजन्य मेंदूदाह झाला. सुमारे दहा दिवस ती बेशुद्ध होती. जीव वाचला, परंतु मज्जासंस्थेची हानी होऊन श्वसन आणि गिळणे या दोन्ही क्रिया दुबळ्या झाल्या. घशाला छिद्र पाडून श्वासासाठी नळी, अन्नासाठी वेगळी नळी आणि दिवसाचा बराच काळ कृत्रिम श्वसनयंत्र, अशा अवस्थेत ती रुग्णालयात वाढू लागली. उठणे, बसणे, बोलणे हे सारे ती रुग्णालयातच शिकली. काही काळाने तिची प्रकृती स्थिरावली. दिवसातील काही तास ती यंत्रावाचून राहू लागली आणि तिला घरी नेणे शक्य आहे, असे डॉक्टरांचे मत झाले. तिच्या आईवडिलांनी, ज्यूली व मार्क बेकेट यांनी, नळी साफ करणे, यंत्र लावणे, अन्न देणे या गोष्टी शिकून घेतल्या होत्या.

अडचण होती ती पैशाची. अधिक नेमकेपणे सांगायचे तर, पैसा कोठे मिळतो याची. कुटुंबाच्या खाजगी विम्याची दहा लाख डॉलरची मर्यादा संपली होती. त्यानंतर रुग्णालयाचा खर्च मेडिकेड ही शासकीय योजना उचलत होती. या योजनेची पात्रता १९७२ च्या कायद्याने निर्माण झालेल्या व १९७४ पासून अमलात आलेल्या ‘पूरक सुरक्षा उत्पन्न’ योजनेशी जोडलेली होती. या योजनेचा एक नियम असा की, अपंग मूल पालकांजवळ राहत असेल तर पालकांचे उत्पन्न मुलाचेच आहे असे मानले जाई. मूल महिनाभराहून अधिक काळ संस्थेत राहिले, तर मात्र ते पालकांच्या उत्पन्नापासून वेगळे समजले जाई. परिणामी मध्यम उत्पन्नाच्या घरातील मूल खाटेवर असेपर्यंत निर्धन होते आणि उंबरठा ओलांडून घरी येताच सधन ठरत होते. केटी घरी गेली असती तर तिचे साहाय्य त्याच क्षणी थांबले असते.

हा नियम कोणी क्रूरपणे केलेला नव्हता, हे लक्षात घेणे उचित ठरेल. आईवडिलांनी मुलाचा खर्च करावा, ही सामान्य अपेक्षा त्याच्या मुळाशी होती. आणि संस्थेत ठेवलेले मूल हे घराबाहेर गेलेले मूल, अशी जुनी समजूत त्यामागे होती. अनाथालये व मतिमंदांच्या वसतिगृहांच्या काळात ही समजूत वस्तुस्थितीला धरून होती. बेकेट दांपत्य मात्र रोज रुग्णालयात जात होते. नियमाच्या लेखी त्यांची मुलगी त्यांच्यापासून दुरावलेली होती. प्रत्यक्षात तिला दुरावलेली ठेवणारी गोष्ट तो नियमच होती.

ज्यूली बेकेट यांनी अधिकाऱ्यांना व लोकप्रतिनिधींना पत्रे लिहिली. आयोवाचे काँग्रेस सदस्य टॉम टॉकी यांनी हे प्रकरण आरोग्य खात्याकडे नेले. उपराष्ट्राध्यक्ष बुश यांच्यामार्फत ते राष्ट्राध्यक्ष रोनाल्ड रेगन यांच्या कानी गेले. १० नोव्हेंबर १९८१ रोजी झालेल्या पत्रकार परिषदेत रेगन यांनी सरकारी नियमांच्या हटवादीपणाचे उदाहरण म्हणून या मुलीची कहाणी सांगितली. रुग्णालयात ठेवण्यासाठी सरकार जेवढी रक्कम देते, तिच्या सहाव्या हिश्श्यात तिची घरी काळजी घेता येईल. तरीही सरकार ती देऊ शकत नाही, असा त्यांचा मुद्दा होता. आरोग्यमंत्री रिचर्ड श्वायकर यांनी तातडीने अपवाद मंजूर केला. नाताळाच्या काही दिवस आधी, वयाची पावणेचार वर्षे पूर्ण होत असताना, केटी घरी आली.

आख्यायिका आणि कागदपत्रे

हे प्रकरण नंतर ज्या पद्धतीने सांगितले गेले, त्यात एका कनवाळू राष्ट्राध्यक्षाने एका आईची हाक ऐकली, असे चित्र उभे राहते. हाक ऐकली गेली, हे खरेच आहे. परंतु कालक्रम तपासला असता चित्र बरेच गुंतागुंतीचे होते. पत्रकार परिषदेच्या तीन महिने आधी, ऑगस्ट १९८१ मध्ये, काँग्रेसने संमत केलेल्या अंदाजपत्रकीय कायद्यात राज्यांना मेडिकेडच्या नियमांतून सूट घेऊन संस्थेऐवजी घरी व वस्तीत सेवा देण्याची मुभा मिळालेली होती. म्हणजे धोरणाचे दार किलकिले झालेलेच होते. दुसरे असे की, त्याच कायद्याने मेडिकेडसाठी राज्यांना मिळणाऱ्या संघीय रकमेत पुढील तीन वर्षे अनुक्रमे ३, ४ आणि ४.५ टक्के कपात केली होती. त्याच सुमारास अपंगत्वाचे लाभ घेणाऱ्यांची फेरतपासणी कठोर होऊन अनेकांचे लाभ बंद पडत होते. एका मुलीसाठी नियम मोडला जात असताना दुसरीकडे हजारोंसाठी नियम आवळले जात होते.

ही विसंगती दाखविण्यात रेगन यांच्या भावनेविषयी शंका घेण्याचा हेतू नाही. केटीची कहाणी त्यांना सांगता आली, कारण ती त्यांच्या राजकीय भूमिकेत चपखल बसत होती : सरकारी नोकरशाही निर्बुद्ध असते, कुटुंब हेच उत्तम आश्रयस्थान असते आणि योग्य मार्ग हा स्वस्तही असतो. पालकांनी मागितले होते ते मुलीसोबत राहणे. मान्य झाले ते बचतीचे गणित. या दोन्ही गोष्टी त्या दिवशी एकत्र आल्या म्हणून काम झाले. त्या नेहमीच एकत्र येतील याची शाश्वती नव्हती.

हे पुढच्या कायद्यात स्पष्ट दिसते. सुरुवातीला आरोग्य खात्याने एक मंडळ नेमून एकेका मुलाचे प्रकरण अपवाद म्हणून तपासले. सप्टेंबर १९८२ मध्ये संमत झालेल्या कर व वित्तविषयक कायद्याच्या १३४ व्या कलमाने राज्यांना कायमचा पर्याय दिला. लोक त्याला ‘केटी बेकेट पर्याय’ म्हणू लागले. त्याच्या अटी पुढीलप्रमाणे होत्या : मूल १८ वर्षांपर्यंतचे व अपंगत्वाच्या निकषात बसणारे असावे; त्याला संस्थेत मिळते त्या दर्जाच्या शुश्रूषेची गरज असावी; ती घरी देणे योग्य असावे; आणि घरच्या शुश्रूषेचा खर्च संस्थेतील खर्चाहून अधिक नसावा. या अटी पूर्ण झाल्यास पालकांचे उत्पन्न मोजावयाचे नाही.

शेवटच्या अटीकडे थोडे थांबून पाहावे लागते. घरची शुश्रूषा रुग्णालयापेक्षा स्वस्त का पडते? खोलीभाडे नाही, व्यवस्थापनाचा खर्च नाही, हे उत्तर अंशतः खरे आहे. उरलेला भाग असा की, रुग्णालयात ज्या कामाला वेतन द्यावे लागते ते काम घरी आई विनावेतन करते. श्वासनळीत साचलेला कफ शोषून काढणे, यंत्राची घंटा वाजताच उठणे, नळीतून ठरलेल्या वेळी अन्न देणे, वीज गेल्यास हाताने पिशवी दाबणे ही रुग्णालयातील प्रशिक्षित परिचारिकेची कामे होत. दिवसातील काही पाळ्यांना परिचारिका मिळाली, तरी उरलेल्या पाळ्या आईच्या. ती आजारी पडली वा परिचारिका आली नाही, तर तिची जागा घेणारे कोणी नाही. बचतीच्या हिशेबात या रात्रींची किंमत शून्य धरलेली आहे. कोपनहेगनच्या विद्यार्थ्यांप्रमाणे तिच्या पाळ्या बदलल्या जात नव्हत्या. घरी राहण्याचा हक्क असा या अदृश्य श्रमाच्या तारणावर मिळाला, असे म्हणणे भाग आहे.

रेगन यांनी नेमलेले सर्जन जनरल सी. एव्हरेट कूप स्वतः फिलाडेल्फियाच्या त्याच बालरुग्णालयात अनेक वर्षे शल्यचिकित्सक होते, त्यामुळे या प्रश्नाचे स्वरूप त्यांना प्रत्यक्ष अनुभवाने ठाऊक होते. डिसेंबर १९८२ मध्ये त्यांनी श्वसनयंत्रावर अवलंबून असलेल्या मुलांसंबंधी परिसंवाद भरविला, त्यात पालकही सहभागी होते. १९८७ च्या त्यांच्या अहवालाने कुटुंबकेंद्रित, वस्तीत मिळणारी व परस्परांशी सांधलेली सेवा हे सूत्र मांडले. १९८९ च्या कायद्याने बालआरोग्याच्या संघीय अनुदानातील किमान ३० टक्के रक्कम विशेष आरोग्यगरजा असलेल्या मुलांसाठी राखून ठेवणे राज्यांना बंधनकारक केले. ‘पंगू बालके’ हा शब्दप्रयोग जाऊन ‘विशेष आरोग्यगरजा असलेली बालके’ हा शब्दप्रयोग आला तो याच दशकात. शब्द बदलला म्हणून वस्तुस्थिती बदलतेच असे नाही. तथापि जुन्या शब्दात न मावणारा दीर्घव्याधिग्रस्त मुलांचा मोठा वर्ग नव्या शब्दात आला, एवढे श्रेय त्याला दिले पाहिजे.

न्यायालयांनीही या काळात आपला वाटा उचलला. १९९० साली सर्वोच्च न्यायालयाने सलिव्हन विरुद्ध झेब्ली या खटल्यात मुलांचे अपंगत्व ठरविण्याचे तत्कालीन निकष अतिसंकुचित म्हणून रद्द ठरविले. १९९९ च्या ओल्मस्टेड निकालाने अपंग व्यक्तींना विनाकारण संस्थेत ठेवणे हा भेदभाव आहे, असे मानले. मूल २१ वर्षांचे झाले की बालसेवा संपतात आणि रात्रीची परिचारिकाही जाते, हा पुढचा प्रश्न इलिनॉय राज्यातील राडाशेव्स्की खटल्यात २००४ साली संघीय अपील न्यायालयापुढे आला आणि कुटुंबाचा दावा चालण्यास योग्य आहे, असा निर्णय मिळाला. मूल जगले की ते मोठेही होते, ही साधी गोष्ट धोरणकर्त्यांच्या ध्यानी अशी दर वेळी उशिरा येत गेली.

दरम्यान पालक एकमेकांना शोधू लागले होते. ज्यूली बेकेट यांनी न्यू मेक्सिकोतील पॉली अरांगो व इतर मातांसह १९९० च्या दशकात पालकांची राष्ट्रीय संघटना उभी केली. कोणत्या राज्यात कोणता अर्ज भरावा, नकार आल्यास अपील कसे करावे, याचे ज्ञान कोणत्याही कार्यालयात एकत्र मिळत नव्हते. ते पालकांच्या वह्यांत होते. २००५ साली संमत झालेल्या व पुढील वर्षी अमलात आलेल्या कायद्याने पालकांनीच चालविलेल्या माहितीकेंद्रांना संघीय अनुदान मिळण्याची व्यवस्था झाली. विम्याची आयुष्यभराची मर्यादा, जिच्यामुळे बेकेट कुटुंब मेडिकेडकडे ढकलले गेले होते, ती २०१० च्या आरोग्यविमा सुधारणा कायद्याने बेकायदा ठरली. केटी शाळेत गेली, महाविद्यालयातून पदवीधर झाली, अपंग तरुणांच्या प्रश्नांवर लिहू-बोलू लागली. १८ मे २०१२ रोजी वयाच्या ३४ व्या वर्षी तिचे निधन झाले. तिच्या नावाचा पर्याय ऐच्छिक असल्याने सर्व राज्यांत एकाच वेळी पोहोचला नाही. टेनेसी राज्यात पालकांच्या चळवळीनंतर त्यासंबंधीचा कायदा २०१९ मध्ये झाला. म्हणजे केटी घरी आल्यानंतर ३८ वर्षांनी.

ऑक्सफर्डमधील आठ खाटा

घरी नेलेल्या मुलाच्या आईला विश्रांती कोण देणार, हा प्रश्न अमेरिकन कायद्याने जवळपास अनुत्तरित ठेवला होता. त्याचे एक उत्तर त्याच वर्षांत इंग्लंडमध्ये तयार होत होते. तेथे राष्ट्रीय आरोग्यसेवेमुळे खर्चाचा प्रश्न बेकेट कुटुंबाच्या प्रश्नासारखा नव्हता. १९७८ साली हेलन नावाच्या एका लहान मुलीच्या मेंदूतील गाठीवर शस्त्रक्रिया झाली. ती वाचली, पण पूर्णपणे परावलंबी झाली. आईवडिलांनी तिला घरी नेले. ऑक्सफर्डच्या एका अँग्लिकन भगिनीसंघाच्या प्रमुख फ्रान्सिस डॉमिनिका या स्वतः बालपरिचारिका होत्या. अधूनमधून काही दिवस त्या हेलनला आपल्याकडे ठेवून घेऊ लागल्या. या साध्या शेजारधर्मातून नोव्हेंबर १९८२ मध्ये ‘हेलन हाउस’ उभे राहिले. बालकांसाठीचे जगातील पहिले शुश्रूषाधाम म्हणून त्याची नोंद होते. त्यात आठच मुलांची सोय होती.

शुश्रूषाधाम म्हणजे मरणासन्नांचे घर, ही प्रचलित कल्पना येथे लागू पडत नाही. मुले येथे मरण्यासाठी नव्हे, तर काही दिवस राहून घरी परतण्यासाठी येत. कुटुंबाने कधी यावे, सोबत राहावे की जाऊन झोप घ्यावी, हे कुटुंबानेच ठरवायचे होते. रुग्णालय आणि घर यांच्यामध्ये तिसरी जागा असू शकते, ही कल्पना या प्रयोगाची देणगी होय. अमेरिकेतील प्रश्न ‘खाट की घर’ असा मांडला गेल्यामुळे ही तिसरी जागा तेथील कायद्यात सहजी मावली नाही.

मुंबईतील दोन माता

भारतात मेडिकेडसारखी योजनाच नसल्यामुळे पालकांची लढाई नियमाशी नव्हती, पोकळीशी होती. मुंबईच्या इतिहासात याची दोन ठळक उदाहरणे आहेत. स्वातंत्र्यचळवळीत सहभागी असलेल्या फातिमा इस्माइल यांच्या लहान मुलीला पोलिओ झाला. मुंबईत उपचाराची सोय नसल्याने त्यांनी मुलीला मद्रासला डॉ. किणी यांच्याकडे नेले. मुलगी सुधारू लागली, तेव्हा आपल्याला जे परगावी जाऊन मिळाले ते इतरांना येथेच मिळावे, या विचाराने त्यांनी १९४७ साली मुंबईत पोलिओग्रस्त मुलांसाठी दवाखाना सुरू केला. त्यातूनच अपंग बालकांच्या पुनर्वसनासाठी संस्था उभी राहिली आणि पुढे हाजी अली येथे मुलांचे अस्थिव्यंग रुग्णालय झाले. दुसरे उदाहरण मिथू अलूर यांचे. त्यांच्या मुलीला, मालिनी चिब यांना, जन्मापासून मेंदूचा पक्षाघात होता. इंग्लंडमध्ये मुलीला मिळालेले शिक्षण व उपचार येथे कोठेच नाहीत, हे पाहून त्यांनी २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबईत स्पास्टिक्स सोसायटी ऑफ इंडियाची स्थापना केली. शाळा अवघ्या तीन मुलांनी सुरू झाली.

या दोन्ही मातांनी सरकारकडे अपवाद मागितला नाही, संस्थाच उभारली. त्यामागे त्यांचे असामान्य कर्तृत्व होते, तसेच शिक्षण, ओळखी आणि प्रवासाची ऐपतही होती. ज्या आईकडे यांपैकी काहीच नव्हते, तिचा इतिहास कोणत्याही संस्थेच्या वार्षिक अहवालात सापडत नाही. विदर्भात वा नंदुरबारच्या डोंगराळ भागात सिकलसेलने त्रस्त मुलाला घेऊन एसटीने जिल्ह्याच्या गावी जाणारी आई हीदेखील ‘अतिरिक्त शुश्रूषा शोधणारे कुटुंब’ या व्याख्येतच येते. परंतु तिच्या फेऱ्या, बुडालेली मजुरी आणि घरी मागे राहिलेली भावंडे यांची नोंद होत नाही.

भारतीय कायद्याच्या दृष्टीने दीर्घव्याधी आणि अपंगत्व या बराच काळ वेगळ्या गोष्टी होत्या. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात अपंगत्वाचे सातच प्रकार होते आणि त्यांत रक्तविकारांना स्थान नव्हते. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, मतिमंदत्व व बहुविकलांगता यांसाठी व्यवस्था केली. ‘आपल्यामागे या मुलाचे काय’ हा पालकांचा सनातन प्रश्न या कायद्याच्या मुळाशी होता. न्यासाच्या ‘निरामय’ योजनेत एक लाख रुपयांपर्यंतचे आरोग्यविमा संरक्षण ठेवण्यात आले. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने प्रकारांची संख्या २१ केली व त्यांत थॅलसीमिया, हिमोफिलिया, सिकलसेल, स्नायुक्षय आणि दीर्घकालीन मज्जाविकार यांचा समावेश झाला. थॅलसीमियाग्रस्त मुलाला दर काही आठवड्यांनी रक्त चढवावे लागते व शरीरात साठणारे लोह काढण्यासाठी औषध अखंड घ्यावे लागते. बाहेरून ते मूल धडधाकट दिसत असल्यामुळे त्याच्या पालकांना ‘याला काय झाले आहे?’ या प्रश्नाला तोंड द्यावे लागे. निदान कागदावर तरी त्याचे उत्तर मिळाले. दुर्मिळ व्याधींसाठीचे राष्ट्रीय धोरण २०२१ साली आले. त्यातील साहाय्याची मर्यादा २०२२ मध्ये ५० लाख रुपयांपर्यंत वाढविण्यात आली. त्यासाठी नेमलेल्या केंद्रांत मुंबईच्या केईएम रुग्णालयाचा समावेश आहे.

२०१६ च्या कायद्यातील एका तरतुदीची चर्चा मात्र फारशी होत नाही. सामाजिक सुरक्षेविषयीच्या २४ व्या कलमात, उच्च आधाराची गरज असलेल्या दिव्यांगांसाठी काळजीवाहकाचा भत्ता देण्याचा उल्लेख आहे आणि अशा गरजेचा अर्ज व तपासणी कशी व्हावी, हे ३८ व्या कलमात सांगितले आहे. रेगन यांच्या सहाव्या हिश्श्यात, १९८२ च्या कलमात, किंबहुना केटी बेकेटच्या साऱ्या कहाणीत ज्या श्रमाला किंमत नव्हती, त्या श्रमाचे नाव या कलमात प्रथमच पैशाच्या रकान्यात लिहिले गेले आहे. मात्र ही योजना शासनाने ‘आपल्या आर्थिक कुवतीच्या व विकासाच्या मर्यादेत’ करावयाची आहे, असे त्याच कलमाच्या आरंभी नमूद केलेले आहे.